मराठवाड्यातून मालवणच्या समुद्रावर: डॉल्फिन आणि स्नॉर्केलिंगच्या घरगुती सहलीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लातूर, नांदेड, बीड, परभणीकडून लेकराबाळांसह समुद्रावर जाणाऱ्यांसाठी हे पान आहे. बोटीच्या सहलीचं वेळापत्रक वारा आणि भरती ठरवतात, हॉटेलचं बुकिंग नाही. बहुतेक उत्तरं शेवटी याच मुद्द्यावर येतात.

डॉल्फिन आणि स्नॉर्केलिंग दोन्ही एकाच ठिकाणी कुठे होईल?

मालवण, तारकर्ली, देवबाग हा पट्टा. डॉल्फिन पाहायला तारकर्ली-देवबागहून बोटी निघतात आणि स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खालचं बघणं, प्रामुख्याने सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी होतं. किल्ला १६६४ ते १६६७ या काळात बांधला गेला. त्याच्या आसपासचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तटाखालच्या खडकांवर प्रवाळ असल्यामुळे मासे तिथे टिकून राहतात.

दापोलीकडे कर्दे, मुरूड, हर्णैला डॉल्फिनच्या फेऱ्या चांगल्या होतात, पण स्नॉर्केलिंगसाठी तिकडे जाऊ नका. गोव्याच्या ग्रँड आयलंडला दोन्ही आहे. तिथला पल्ला मात्र लांबचा, बोट मोठी, गाणी जोरात आणि दिवस जवळजवळ पूर्ण जातो. सात-आठ वर्षांखालची मुलं सोबत असतील तर मालवणच बरं.

किती दिवस काढावेत?

समुद्रावर दोन सकाळी हातात राहतील इतके. एकच सकाळ ठेवली आणि नेमका त्या दिवशी वारा सुटला, तर एवढा प्रवास करून वाळूत बसावं लागतं. पहिल्याच सकाळी डॉल्फिन आणि स्नॉर्केलिंग दोन्ही उरकलं तर दुसरी सकाळ किल्ला बघण्यात जाईल. ती वाया जात नाही.

रात्रभर गाडी हाकून पहाटे मालवणला पोचायचं आणि तसंच बोटीवर चढायचं, हा बेत अनेकांच्या डोक्यात असतो. तो सोडून द्या. झोप न झालेल्या माणसाला बोट हमखास लागते.

जायचं कोणत्या वाटेने?

नांदेड, लातूर, धाराशिवकडून तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे गगनबावडा किंवा फोंडा घाट. लातूरहून साधारण पाचशे किलोमीटर पडतात. छत्रपती संभाजीनगर, जालन्याकडून पुणे-कोल्हापूर मार्गे सहाशेच्या वर. घाटांची कामं आणि पावसाळ्यातल्या दरडी यांमुळे कुठला घाट चालू आहे हे आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा. नकाशा दाखवतो म्हणून घाट चालू असेलच असं नाही.

रेल्वेने जायचं तर मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने ठाण्याला उतरून कोकण रेल्वेची गाडी धरा आणि कुडाळला उतरा. तिथून मालवण तीसेक किलोमीटर आहे. दोन गाड्यांच्या मध्ये किमान तीन तास ठेवा.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ खाली बसायला दिवाळी उजाडते, म्हणून ऑक्टोबरात डॉल्फिन दिसले तरी स्नॉर्केलिंगला पाणी गढूळ असतं. स्वच्छ दिवशी मालवणला पाण्याखाली चार-सहा मीटरपर्यंतचं दिसतं. गढूळ दिवशी स्वतःचे पाय दिसले तरी पुष्कळ. अंदमानचे व्हिडिओ डोक्यात ठेवून येऊ नका.

मार्च-एप्रिल चालतो, पण दुपारचा वारा लवकर सुटतो आणि उन्हाबरोबर दमटपणाही असतो. आपल्याकडचं बेचाळीस अंशांचं कोरडं ऊन सोसणारी माणसंही तिथल्या चौतीस अंशांत घामाने थकतात.

मे महिन्याचा शेवट टाळा, शाळेची सुट्टी तेव्हाच असली तरी. पावसाआधी समुद्र खवळायला लागतो. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, तीही तारीख २४ मे होती. साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत प्रवासी बोटी आणि जलक्रीडा बंदच असतात. या काळात कोणी ‘गुपचूप नेतो’ म्हणालं तर जाऊ नका.

तारीख ठरवताना तिथी बघायची म्हणतात, ते का?

कारण भरती-ओहोटी चंद्रावर चालते, आणि हा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही होतो. किनाऱ्यावरचा ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहाला. एकादशीला सव्वाआठला. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब, आणि साधारण साडेबारा तासांनी दुसरी भरती. जागेनुसार तासाभराचा फरक पडतो, म्हणून पक्की वेळ बोटवाल्याकडून घ्या.

स्नॉर्केलिंगला भरती भरत आलेली असावी. तेव्हा बाहेरच्या समुद्राचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं. ओहोटीला खाडीतला गाळ बाहेर येतो, आणि देवबागला कर्ली नदीच्या मुखाजवळ तर पाणी चहासारखं होतं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ओढ जास्त, तळ ढवळलेला. अष्टमीच्या आसपास आणि नंतरचे एक-दोन दिवस भांग असतो, पाणी शांत. दोन्ही गोष्टी जुळवल्या की नवमी ते एकादशी हे दिवस सगळ्यात सोयीचे ठरतात: भांग नुकताच होऊन गेलेला आणि भरती सकाळच्या वेळेला.

आता दिवाळीचं बघा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे भाऊबीज होईपर्यंत उधाण. भाऊबीज करून लगेच निघणाऱ्यांची गर्दी याच दिवसांत असते. आठवडाभर थांबून निघालात तर पाणीही बरं आणि खोल्याही स्वस्त. फक्त कार्तिकी एकादशीला मंगळवेढा-सांगोला वाटेवर पंढरपूरची गर्दी लागते, तो एक दिवस धरू नका.

सकाळीच का? दुपारी का नाही?

हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे हळू वाहतात, किनाऱ्याजवळ पाणी सपाट राहतं. अकरा-बाराच्या पुढे जमीन तापते, खारे वारे उलटे सुटतात आणि लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागतात. सपाट पाण्यात डॉल्फिनचा पंख लांबून दिसतो. तुऱ्यांमध्ये प्रत्येक लाट डॉल्फिन वाटते. सात ते साडेसातला बोटीत बसलेले असाल असं बघा. दहा जणांच्या कुटुंबात चहा-आंघोळींना दीड तास लागतो. आंघोळ परतल्यावर करा, नाहीतरी खारं पाणी धुवायचंच असतं.

डॉल्फिन नक्की दिसतात का?

नाही. हंगामात शांत सकाळी शक्यता चांगली असते, हमी कोणी देऊ शकत नाही. ‘दिसले नाहीत तर पैसे परत’ अशी जाहिरात करणाऱ्यावर डॉल्फिनच्या मागे सुसाट बोट पळवायची वेळ येते.

या किनाऱ्याला उथळ पाण्यात दिसतो तो मुख्यतः हिंदी महासागरातला कुबडवाला डॉल्फिन. रंग शिशासारखा करडा, पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. टीव्हीवरच्यासारखा तो हवेत कोलांट्या मारत नाही. पाठ आणि पंख दोन-तीन सेकंद वर दिसतात, श्वास घेतल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो, की गेला खाली. परत वर यायला अर्धं-एक मिनिट लागतं, कधी त्याहून जास्त, आणि तेही दुसऱ्याच जागी. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे हिरमोड होत नाही.

बघायचं कसं? सूर्य पाठीमागे ठेवा. एका जागी टक लावू नका, नजर क्षितिजाच्या थोडी अलीकडे सावकाश फिरवा. कुरव पक्षी एका जागी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली मासळीचा थवा आहे, आणि जिथे मासळी तिथे डॉल्फिन येण्याची शक्यता.

बोट आणखी जवळ न्यायला सांगता येईल का?

सांगू नका. डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. चांगला तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, पन्नासेक मीटरवर इंजिन मंद करतो, कळपाच्या समोरून आडवा जात नाही आणि दोन बोटी आधीच असतील तर लांब थांबतो. ‘दादा, अजून जरा जवळ घ्या’ हा आग्रह बोटीतूनच होतो आणि बिचारा तांडेल नाही म्हणू शकत नाही. गंमत अशी की इंजिनाचा पंखा गरगरत जवळ गेला की डॉल्फिन बुडी मारून लांब निघतात. बंद इंजिनाच्या बोटीजवळ ते कधीकधी आपण होऊन येतात. त्यांच्यात पोहायला उतरायचं नाही, काही खायला टाकायचं नाही.

चांगली बोट कशी ओळखायची?

बोटीच्या अंगावर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसतात तो आकडा रंगवलेला असतो. तो वाचा आणि माणसं मोजा, मांडीवरची लेकरंही मोजा. परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा असतो, दाखवा म्हटलं तर दाखवतात. बोटीत तरंगायच्या रिंगा, नांगर, दोर, पाणी उपसायचं भांडं, वॉकीटॉकी किंवा रेंज येणारा फोन, तांडेलाशिवाय किमान एक खलाशी, आणि स्नॉर्केलिंग असेल तर पाण्यातून वर चढायला शिडी हवी. शिडी नसली की ओल्या अंगाच्या जड माणसाला दंड धरून वर ओढतात, खांदे आणि बरगड्या दुखतात ते त्यानेच.

लहान बोटीत शौचालय नसतं. निघण्याआधी सगळ्यांना जाऊन यायला लावा.

लाईफ जॅकेट घातलं की झालं ना?

नीट घातलं तर. जॅकेट वजनाप्रमाणे निवडतात, वयाप्रमाणे नाही. सगळे पट्टे लावून ओढून घ्या. मग खांद्याजवळ दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचला. जॅकेट हनुवटीपर्यंत वर आलं तर ते मोठं आहे; पाण्यात मूल खालून निसटेल. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. फेस बाहेर डोकावणारं, तुटक्या बकलाला गाठ मारलेलं जॅकेट परत करा आणि दुसरं मागा, लाजू नका.

फोटोसाठी जॅकेट काढणं नको. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, तीही दिवसाढवळ्या. जॅकेट शोधून घालायला तेव्हा वेळ मिळत नाही.

पोहता येत नाही. स्नॉर्केलिंग करता येईल?

येईल. मालवणला बहुतेकांना पोहता येत नाही हे धरूनच ते करवतात. जॅकेट अंगात, हात रिंगेवर, शेजारी गाईड, पाणी जागेनुसार पाच ते पंधरा फूट. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पस्तीस ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे माणूस विहिरीपेक्षा सहज तरंगतो.

जास्त लक्ष ठेवावं लागतं ते विहिरीत पोहायला शिकलेल्यांवर. पाठीला डबा बांधून शिकलेले, काठावरून सूर मारणारे गडी जॅकेट नको म्हणतात. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही, इथे प्रवाह असतो आणि माणूस न कळत बोटीपासून लांब जातो. परत येताना ओढीच्या विरुद्ध हातपाय मारून दम जातो. जॅकेट सगळ्यांना.

पाण्यात उतरल्यावर नेमकं काय करायचं?

तयारी बोटीवरच करा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पडला तर दुसरा घ्या. आता केसांची एकही बट काचेच्या रबरी कडेखाली राहू देऊ नका, पाणी तिथूनच शिरतं. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या वर. करकचून आवळला तर कड दुमडते आणि उलट जास्त गळतो.

झुपकेदार मिशांची मात्र खरी अडचण आहे. वरच्या ओठावर कड बसत नाही आणि पाणी थेंबथेंब नाकापाशी साठतं. मिशीवर व्हॅसलिनचा थर लावला तर बरंच थांबतं. मिशी काढायला कोणी सांगत नाही.

काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळतात. किळस वाटत असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब चालतो.

नळीचं रबर दातांत हलकं धरा, ओठ मिटून घ्या आणि बोटीवरच दोन मिनिटं फक्त तोंडाने सावकाश, लांब श्वास घ्या. ते जमल्याशिवाय पाण्यात उतरू नका. उतरल्यावर पोटावर आडवे व्हा, नजर खाली आणि थोडी पुढे. मान फार खाली घातली की नळीचं टोक बुडतं. नळीत पाणी आलं तर एक जोरात ‘फू’ करा, बाहेर उडतं. मास्कमध्ये आलं तर डोकं वर काढा, मास्कची वरची कड कपाळावर दाबा आणि नाकाने श्वास सोडा. खालून पाणी निघून जातं. बहुतेक जण घाबरून मास्कच उपटतात, आणि मग डोळ्यांत, नाकात मीठ जातं.

मुलं रडतात त्याचं कारण बहुधा पाणी नसतंच, नाक बंद झालेलं असतं. जायच्या आधी आठवडाभर घरी टीव्ही बघताना पाच मिनिटं नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यायला लावा.

चष्मा आहे.

मास्कखाली चष्मा बसत नाही. नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारा. नंबर थोडा असेल तर काळजी नको, पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात.

बोट लागते. काय करू?

ज्यांना गगनबावड्याच्या घाटात मळमळतं, त्यांनी बोटीसाठी तयारीनेच यावं. प्रोमेथाझिनची गोळी, अव्होमिन नावाने मिळते ती, निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये, आणि गुंगी आली असेल त्याने पाण्यात उतरू नये. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

बोटीत मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा, पुढचं टोक सगळ्यात जास्त उसळतं. नजर क्षितिजावर, मोबाईलवर नाही. डिझेलच्या धुराच्या दिशेला बसू नका. सगळ्यात जास्त त्रास बोट नांगरून उभी असताना होतो. अशा वेळी पाण्यात उतरलं तर पुष्कळांना बरं वाटतं.

सकाळी खायचं काय?

रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. तासभर आधी चुरमुऱ्यांचा सुशीला, केळं, भाकरीचा तुकडा असं कोरडं आणि थोडं. तर्रीची मिसळ परतल्यावर. एकादशी धरून गेलात तर उपवासाला तुपात निथळणारी साबुदाणा खिचडी नको, राजगिऱ्याचा लाडू आणि केळी घ्या. आल्याची वडी खिशात असू द्या. पाणी माणशी एक लिटर.

आजी-आजोबा, तान्हं बाळ, गरोदर सून यांना न्यावं का?

डॉल्फिनच्या फेरीला गुडघे धड असलेल्या आजी-आजोबांना जरूर न्या, पण धक्क्यावरून चढता येईल अशी बोट बघा. किनाऱ्यावरून चढायचं तर मांडीभर पाण्यातून जावं लागतं. तान्ह्या बाळाच्या मापाचं जॅकेट सहसा मिळत नाही, तेव्हा बाळाला आणि गरोदर बाईला किनाऱ्यावरच थांबू द्या. उसळणाऱ्या बोटीत पाठीला हिसके बसतात.

स्नॉर्केलिंग पाच वर्षांखाली नको. हृदयविकार, फिट येणं, दमा, कानाच्या पडद्याला भोक, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना विचारून. कवळी काढून ठेवा. दारू पिऊन आलेल्याला गाईडने परत पाठवलं तर भांडू नका.

बायकांनी काय घालावं? दागिने?

लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट सगळ्यांत सोयीचा. साडी, ओढणी, घेरदार गाऊन पाण्यात पायांना गुंडाळतो. सैल अंगठी पाण्यात सुरकुतलेल्या बोटातून निसटते, मंगळसूत्र जॅकेटच्या पट्ट्यात अडकतं. सोनं मुक्कामी ठेवा. अंग झाकलेलं असलं की सनस्क्रीनही कमी लागतं, आणि पोटावर तरंगताना पाठ आणि पोटऱ्या किती भाजल्या हे रात्री कळण्याची वेळ येत नाही.

प्रवाळावर उभं राहिलं तर चालतं का? माशांना बिस्कीट टाकतात ते?

प्रवाळ दगडासारखं दिसलं तरी जिवंत आहे आणि वाढायला वर्षं लागतात. पाय टेकला की तेही मोडतं आणि पायही कापतो. बिस्कीट, पाव टाकला की माशांची झुंबड उडते, व्हिडिओ छान येतो, पण पाणी खराब होतं. गाईडला ‘नको, असेच बघू’ म्हणा. थोडं स्थिर राहिलात तर पट्टेरी सार्जंट मासे आपोआप जवळ येतात.

जेलीफिश चावली तर?

समुद्राच्याच पाण्याने धुवा, बिसलेरीने नाही. गोड्या पाण्याने उरलेल्या डंखपेशी फुटून आग वाढते. चोळू नका, तंतू चिमट्याने किंवा कार्डाच्या कडेने काढा. मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं. धाप लागली किंवा तोंड सुजलं तर थेट दवाखाना.

मोबाईल न्यावा का?

वॉटरप्रूफ पाऊचमध्ये. आधी रिकाम्या पाऊचमध्ये टिश्यू घालून बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. कोरडा निघाला तरच फोन ठेवा.

बुकिंगच्या वेळी काय विचारायचं?

दर माणशी की बोटीचा, मुलांचा वेगळा का, पाण्यात प्रत्यक्ष किती मिनिटं, व्हिडिओचे पैसे त्यात धरलेत का, गोड्या पाण्याने अंघोळीची आणि कपडे बदलायची सोय आहे का, आणि हवामानामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी फेरी. ही उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. समुद्र खराब असल्याने फेरी रद्द केली तर आडवं लागू नका. डॉल्फिन दिसले नाहीत म्हणून पैसे कापायला लावणं मात्र बरं नाही. डिझेल तेवढंच जळालेलं असतं.

तिथे गेल्यावर स्कूबा करावंसं वाटलं तर? त्याच दिवशी घरी निघता येईल?

स्नॉर्केलिंग करून त्याच दिवशी निघायला हरकत नाही, कारण पृष्ठभागावरच श्वास घेतलेला असतो. स्कूबामध्ये, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून श्वास घेत खोल पाण्यात उतरताना, दाबाखालची हवा श्वासात जाते आणि नायट्रोजन रक्तात विरघळतो. लगेच उंचावर गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. घाटमाथ्यावरचं आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, म्हणजे परतीचा घाटही या हिशेबात धरायचा. एकदाच उतरला असाल तर किमान बारा तास, एकाहून जास्त वेळा असेल तर अठरा तास थांबून मग घाट चढा. स्कूबा पहिल्या सकाळी उरकलं की दुसऱ्या सकाळी निश्चिंतपणे निघता येतं. मुलांना दहा वर्षांच्या आत स्कूबा नाही.